आठ महिने झाले तरी पाईप भाजतोच, मग महागाचा घेऊ का?

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. पुण्याचा मुलगा आहे, वय ३१, आयटीत. सिगरेट सुटावी म्हणून आठ महिन्यांपूर्वी ऑनलाइन पाईप मागवला, आता घरात चार पाईप आणि नऊ डबे झालेत. जीभ भाजते, पाईप पाच मिनिटांत विझतो, शेवटाकडे गुडगुड वाजतो आणि तोंडात कडू पाणी येतं. विचारतोय की एखादा चांगला महागाचा पाईप घेतला तर फरक पडेल का, आणि तुम्हा जुन्या लोकांना ती शांतता वगैरे मिळते म्हणतात ती किती वर्षांनी मिळते.

मी १९९४ पासून पाईप ओढतोय. एकोणतीस वर्षं मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये काढली, आता रत्नागिरीजवळ घरी असतो. तुझ्या वयाचा पुतण्या आहे मला त्यामुळे अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी नकोसं बोलून घेतो. सिगरेट सोडायला पाईप घेतला असं लिहिलंयस, हे गणित बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं. सिगरेटवाल्याच्या हातात पाईप आला की तो सवयीने धूर छातीत घेतो, त्याला कळतही नाही, आणि मग पाईप सिगरेटपेक्षा बरा वगैरे बोलायला काही जागाच राहत नाही. पाईपचा धूर तोंडात घ्यायचा आणि सोडायचा, खाली उतरवायचा नाही. आणि खाली नाही उतरवला तरी ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका यांच्या कॅन्सरचा धोका आहेच, निकोटिनची सवय लागते ती वेगळी. त्यामुळे अजून सुरुवात न केलेला कोणी हे वाचत असेल तर त्याने करू नये, मला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. तुला सिगरेट खरंच सोडायची असेल तर डॉक्टरकडे जा, त्यासाठी निकोटिनचं च्युइंगगम, गोळ्या असतात, पाईप हे त्यावरचं औषध नाही. मी स्वतः वर्षातून दोनदा डेंटिस्टला तोंड दाखवतो. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, असं काही दिसलं तर सरळ डॉक्टर, फोरमवर फोटो टाकत बसू नकोस. घरात दोन वर्षांचं बाळ आहे आणि बायको म्हणते वास छान येतो, असं लिहिलंयस. वास छान असला तरी धूर तो धूरच रे. बाल्कनीचं दार बंद करून ओढ आणि बाळाला उचलायच्या आधी शर्ट बदल, हात धू.

झालं. आता मुद्द्यावर येऊ. तुला वाटतंय पाईप खराब आहे. मला वाटतं ते चार पाईप आणि नऊ डबे हाच तुझा प्रॉब्लेम आहे.

म्हणजे बघ, बॉयलर काळा धूर ओकायला लागला की नवीन पोरगं काय करतं, तेलाचं प्रेशर बदलतं, हवा वाढवतं, बर्नरची टीप बदलतं, सगळं एकदमच. धूर थांबतो सुद्धा कधीकधी, पण कशाने थांबला ते काही त्याला कळत नाही आणि पुढच्या खेपेला परत तिथेच बोंब. माझ्या पहिल्या जहाजावरचा बडा साब, म्हणजे चीफ इंजिनियर, जहाजावर तसंच म्हणतात, मी तेव्हा पाच साब म्हणजे सगळ्यात खालचा, तर तो बडा साब म्हणायचा एका वॉचमध्ये, म्हणजे एका पाळीत, एकच व्हॉल्व्ह फिरवायचा. तू पाईपही बदलतोस, डबाही बदलतोस, यूट्यूबवर बघून भरायची पद्धतही बदलतोस, मग नक्की काय चुकतंय ते तुला कोण सांगणार? आठ महिन्यांत खरेदी मात्र पक्की शिकलास.

मला पाईप शिकवला तो गोव्याच्या एका चीफ कुकने. काणकोणचा माणूस, साठीला टेकलेला, रात्रीची भांडी आवरली की मागच्या डेकवर बादली उलटी घालून बसायचा. (बल्क कॅरियर, म्हणजे सुटा कोरडा माल नेणारं जहाज होतं म्हणून चालायचं, तेलाच्या टँकरच्या डेकवर काडी ओढली असती तर पुढच्याच पोर्टवरून घरी.) त्याच्याकडे मक्याच्या कणसाचा एकच पाईप, कड जळून कोळसा झालेली, आणि एरिनमोर फ्लेकचा, म्हणजे दाबून चकत्या केलेल्या तंबाखूचा, एक चपटा डबा ज्याला अननसासारखा वास यायचा. मी पहिल्या पगारात लिव्हरपूलला उतरून रुबाबात पाईप घेतला आणि त्याबरोबर दुकानात जे सगळ्यात भारी दिसलं ते घेतलं, काळी दोरखंडासारखी वळलेली तंबाखू, चाकूने चकत्या करून भरायची असते ती. जेवण झालेलं नव्हतं. पाचव्या-सहाव्या झुरक्याला घाम फुटला, डेक फिरायला लागला, आणि मग रेलिंगवरून सगळं समुद्राला अर्पण. कुकने काही न बोलता मूठभर साखर हातावर ठेवली आणि म्हणाला खा. त्यानंतर महिनाभर त्याने मला माझा पाईप भरू दिला नाही, तो भरून द्यायचा आणि मी फक्त ओढायचो. मला अपमान वाटायचा. पुढे कळलं की त्याने त्या महिन्यात माझ्यापुरती एकच गोष्ट मोकळी सोडली होती, ओढायचा वेग. बाकी सगळं त्याने धरून ठेवलं होतं.

तुझे तीन त्रास घेऊ, भाजणं, विझणं आणि गुडगुड. तू ते वेगवेगळे लिहिलेस पण ते बऱ्याच अंशी एकच आहेत, तिन्हीच्या मुळाशी पाणी आहे. तंबाखू हे इंधन आहे. इंधन ओलं असलं की निखाऱ्याची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते, निखारा मरतो. मरतोय दिसलं की तू जोरात ओढतोस, जोरात ओढलं की वाफ थेट तोंडात येते, वाटेत नळीत जी गार होते तिचं पाणी होऊन गुडगुडतं आणि उरलेली जिभेवर येऊन पाणी होते. आणि वाफ हा प्रकार साधा नाही. ओव्हन दीडशे डिग्रीला असला तरी आत क्षणभर हात घालता येतो, पण इडलीपात्राचं झाकण काढताना शंभर डिग्रीची वाफ मनगटाला लागली की फोड. कारण वाफेचं पाणी होताना किलोमागे साधारण २२५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आमची सगळी जहाजं त्याच हिशोबावर गरम राहायची. तुझी जीभ भाजते ती बहुतेक धुराने नाही, या वाफेने.

आता तू लिहिलंस की नऊपैकी सहा डबे चेरी, व्हॅनिला, व्हिस्की अशा वासाचे आहेत. सुवासिक तंबाखूत वास धरून राहावा आणि सुकू नये म्हणून बहुतेक वेळा प्रॉपिलिन ग्लायकॉल घातलेलं असतं, ते ओल सोडतच नाही. डबा उघडून दोन दिवस ठेवलास तरी हाताला चिकटच लागेल. नवीन माणूस नेमका तोच डबा उचलतो कारण वास केकसारखा येतो. गंमत म्हणजे तो वास शेजाऱ्याला जास्त येतो, ओढणाऱ्याला तोंडात फार काही लागत नाही.

तर पहिलं काम वाळवणं. एक भराव एवढी तंबाखू कागदावर पसरून ठेव. किती वेळ, हे मात्र मी सांगू शकत नाही, ते गावावर आणि ऋतूवर आहे. मे महिन्यात पुण्यात पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, नागपूरला तर चहा होईपर्यंत कुरकुरीत होईल आणि मग ती इतकी भराभर जळते की पुन्हा भाजतंच. माझ्याकडे जुलैत रत्नागिरीत दिवसभर ठेवली तरी उलट ओल धरते. मी तेव्हा स्टीलची ताटली टेबललॅम्पच्या खाली ठेवतो, जुना पिवळा बल्ब आहे त्यात मुद्दाम ठेवलेला. एलईडीने काही होत नाही, धग कुठे असते त्याला. घड्याळापेक्षा बोटांवर जा. चिमूटभर अंगठा आणि बोटात दाबायची आणि सोडायची. गोळाच राहिला तर ओली. दाबल्यावर चुरा झाला तर जास्त वाळली. हळूहळू आळस देत उलगडली की भर.

भरण्याबद्दल यूट्यूबवर एवढं आहे की मी जास्त लिहीत नाही. जुनी पद्धत तीन थरांची, पहिला थर लहान मुलाच्या हाताने, दुसरा बाईच्या, तिसरा पुरुषाच्या, असं सांगतात, म्हणजे खाली सैल आणि वर घट्ट. (आमच्या घरात पुरणपोळी लाटणाऱ्या हातांचा जोर बघता हा क्रम कोणी ठरवला कोण जाणे.) भरून झाल्यावर न पेटवता एकदा ओढून बघ. स्ट्रॉमधून नुसती हवा ओढल्यासारखं हलकं लागलं पाहिजे. मिल्कशेक ओढल्यासारखं लागलं तर सगळं बाहेर काढून परत भर, "चालेल" म्हणून पेटवू नकोस, नाही चालत. फ्लेक असेल तर तळहातावर मोकळी करून घे, पण चुना लावल्यासारखी अंगठ्याने रगडू नकोस, भुगा झाला की हवा अडते.

पेटवताना दोनदा पेटव. पहिल्या काडीने वरचा थर सगळीकडे काळा होतो आणि फुगून वर येतो, त्याला टँपरने, म्हणजे तंबाखू दाबायच्या दांडीने, अलगद बसव आणि मग दुसरी काडी, ती खरी. टँपरचं सांगतो. माझा टँपर जहाजाच्या लेथवर मीच केलेला आहे, पितळेच्या रॉडच्या तुकड्यातून, साधारण बोटाएवढा लांब. एका टोकाला सपाट, बाऊलमध्ये, म्हणजे तंबाखू भरतात त्या वाटीत, सगळीकडून थोडी फट राहील एवढा, दुसरीकडे निमुळता, राख उकरायला. तीस वर्षांत सपाट टोकाची धार गोल झालीये आणि मधला भाग बोटांनी घासून सोन्यासारखा पिवळा झालाय, दोन्ही टोकं मात्र काळी. त्याचं सगळ्यात चांगलं काय तर वजन. तो राखेवर नुसता ठेवायचा आणि सोडून द्यायचा, स्वतःच्या वजनाने जेवढा दाबेल तेवढंच दाबायचं. तू लिहिलंयस की पेनच्या टोपणाने दाबतो. टोपणाला वजन नसतं म्हणून तू बोटाने जोर लावतोस, म्हणून हवा बंद होते, म्हणून विझतो. लोखंडाचा एखादा बोल्ट घेतलास तरी चालेल, फक्त गॅल्वनाइज्ड घेऊ नकोस, जस्त तापवून तोंडाजवळ कशाला न्या.

वेग. हे शब्दात सांगणं सगळ्यात अवघड आहे. गरम चहाचा पहिला घोट बशीतून कसा घेतो आपण, भुरका न मारता नुसता ओठांनी, तेवढा झुरका. आणि झुरक्यांच्या मध्ये नाकाने श्वास चालू ठेव, थोडा धूर नाकाने बाहेर जाऊ दे, छातीत नाही, फक्त तोंडातून मागच्या मागे नाकात. चव तिथे कळते, सर्दी झाल्यावर जेवण बेचव लागतं ना तेच कारण. तू तोंड भरभरून धूर काढतोयस कारण तुला चव लागत नाहीये, आणि चव लागत नाहीये कारण तू तोंड भरभरून धूर काढतोयस. बाऊल गालाला लावून बघायचा, गाल दोन-तीन सेकंद टिकला पाहिजे. नाही टिकला तर खाली ठेव. विझला तर विझू दे! माझा पाईप आजही एका भरावात तीन-चार वेळा विझतो आणि मी तीन-चार काड्या ओढतो, यात कमीपणा काही नाही. तो कुक तर अर्धा ओढून खिशात टाकायचा आणि चार तासांनी तिथूनच पुढे सुरू. मला ती शिळी चव आवडत नाही, पण त्याचं चालायचं.

गुडगुड आली तर ओढत राहू नकोस, पाईप क्लीनर, म्हणजे लव लावलेली तार, स्टेममधून, म्हणजे तोंडात धरायच्या नळीतून, बाऊलपर्यंत सरकव, क्षणभर ठेव, काढ. झालं. क्लीनर बाऊलपर्यंत जातच नसेल तर तो मात्र पाईपचा दोष असू शकतो, भोक वाकडं किंवा वर पडलेलं असतं आणि तळाशी ओला चिखल साचत राहतो. माझा एक पाईप असा निघाला होता, एका ऑनलाइन दुकानातून घेतलेला, बाहेरून आरसा आणि आत भोक तळापासून चांगलं पाव इंच वर, शिवाय बाऊलच्या आत सुद्धा वॉर्निश मारलेलं. दोन वेळा ओढला आणि नंतर त्यात पेन्सिली ठेवल्या. म्हणून तुझ्या चारही पाईपमधून आज क्लीनर घालून बघ. ज्यातून सरळ जातो आणि टोक बाऊलच्या तळाशी मधोमध दिसतं तो ठेव, बाकीचे तीन बाजूला ठेव.

महागाच्या पाईपचं काय, तर बहुतेक चांगले पाईप ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राच्या काठी एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं, त्याच्या मुळाशी गाठ तयार होते, त्या गाठीचे तुकडे तासन्‌तास उकळून महिनोन्‌महिने सुकवतात. फ्रान्समध्ये जुरा डोंगरात सँ-क्लोद म्हणून गाव आहे, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हेच काम. हे लाकूड चटकन जळत नाही आणि थोडी ओल पितं, म्हणून ते. ही गरज साध्या पाईपमध्येही भागते, त्यापुढचे पैसे असतात लाकडाच्या रेषांचे, आकाराचे आणि नावाचे. मला आवडतात छान रेषा, नाही असं नाही, माझ्याकडेही तसले दोन आहेत. पण त्यांनी माझी जीभ वाचवली नाही.

इंजिनियर म्हणून एका पाईपचं मला कौतुक आहे ते मात्र सांगतो. डब्लिनच्या पीटरसनचा सिस्टिम पाईप, त्याचं पेटंट १८९० चं. शँकच्या, म्हणजे बाऊल आणि स्टेम जोडणाऱ्या दांड्याच्या, आत खाली एक छोटी खळगी ठेवलीये, धूर वळताना त्यातलं पाणी तिथे पडतं आणि तिथेच राहतं, म्हणजे वाफेच्या लाईनीला आम्ही ड्रेन पॉट ठेवतो अगदी तेच. आणि स्टेमच्या टोकाचं भोक वरच्या बाजूला आहे, धूर जिभेऐवजी टाळूकडे जातो, ते पेटंट १८९८ चं. सेकंडहँड घेतला होता मी. पुढे-मागे घ्यावासा वाटला तर असा घे. पण आत्ता नाही. आत्ता घेतलास आणि बरं वाटलं तर तुला वाटेल पाईपने केलं, आणि सहा महिन्यांनी जुलैत परत भाजेल तेव्हा काय करशील, आणखी महागाचा?

स्वस्तात हवा असेल तर मक्याच्या कणसाचा. अमेरिकेत मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाचंच एक गाव आहे, तिथे १८६९ पासून बनतात. दुसऱ्या महायुद्धातला तो जनरल मॅकआर्थर फोटोत लांबलचक पाईप घेऊन दिसतो ना, तो कणसाचाच. ब्रायरला सुरुवातीचे काही भराव सांभाळून ओढावं लागतं, आतून कार्बनचा पातळ थर बसेपर्यंत, त्याला मिलिमीटरभर जाडी पुरे, फार वाढला तर तापल्यावर लाकडाला तडा देऊ शकतो. कणसाला ही भानगड नाही, पहिल्या दिवसापासून बरा लागतो आणि ओलही चांगली शोषतो.

आता मुख्य. एक पाईप, एक डबा, सहा आठवडे. बाकीचे आठ डबे काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ठेव, साधी, चेरी न घातलेली तंबाखू बरणीत वर्षानुवर्षं टिकते, व्हर्जिनिया तर मुरून जास्त चांगली लागते, लोणच्यासारखी. कुठला डबा ठेवायचा? हे जिभेवर आहे आणि जिभा सारख्या नसतात. तुझ्या यादीत एक बर्ली आहे, मी त्याने सुरुवात करेन. बर्ली हवेवर सुकवतात, साखर जवळजवळ नसते, चव भाजलेल्या शेंगदाण्याच्या फोलपटासारखी, काहीशी कंटाळवाणी, आणि शिकायला कंटाळवाणीच बरी. व्हर्जिनिया गोड असते, वाळलेल्या गवतासारखी, माझी आवडती तीच, पण घाई केलीस की सगळ्यात जास्त तीच चावते. आणि सगळं नीट वाळवून, हळू ओढूनही एखाद्या डब्याने जीभ झोंबतेच असं झालं तर तो डबाच तुझ्यासाठी नाही, उगाच स्वतःला दोष देऊ नकोस.

तुझ्याकडे एक लटाकियाचा डबा आहे त्याचा वास टायर जळल्यासारखा येतो म्हणालास. ती पानं शेकोटीच्या धुरावर धरून सुकवतात, आधी सीरियात, आता सायप्रसमध्ये. मला पहिल्यांदा आमच्या आजीच्या चुलीवर टांगलेल्या सुक्या मासळीची आठवण आली होती आणि तेव्हापासून आवडली, पण घरात कोणाला सहन होत नाही. ती वर्षभर लांब ठेव. एक तर कळणार नाही, आणि ज्या पाईपमध्ये ओढशील त्याचा वास जाणार नाही, पुढचे दहा भराव सगळं लटाकियाच लागेल.

आणि वही कर. हसू नकोस. इंजिन रूमला लॉगबुक असतं तसं मी सुरुवातीची बरीच वर्षं लिहायचो, अजून आहे. एक पान बघून लिहितो: "१२ जून. पाऊस. ४० मि. वाळवली, तरी ओली. ५ काड्या. जीभ ठीक. तळ सोडला." दुसऱ्या दिवशी: "दिव्याखाली २५ मि. ३ काड्या. शेवटपर्यंत. शेवटी जरा कडू." एवढंच. रसभरीत वर्णन नको, अंजिराचा गंध आणि चामड्याची झाक वगैरे डब्यावर लिहायला ठीक आहे. वाळवायचा वेळ, काड्या, जीभ, आणि तळाशी काय राहिलं. दोन आठवड्यांनी स्वतःलाच दिसेल की काड्या कमी झाल्या तेव्हा काय बदललं होतं. आणि तळाशी ओलं राहिलं तर सोडून द्यायचं, ताटात टाकू नये हा संस्कार इथे लावू नकोस, तो शेवटचा कडू चमचाभर ओढायला कोणी सांगितलेलं नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: क्लीनर घालून एक पाईप निवड, बर्ली ठेव, वाळव, हलकी भर, वजनदार टँपर, गालाला चटका बसला की खाली ठेव, लिहून ठेव. बदल करायचाच तर एका वेळी एक.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो कारण परदेशी लोक हे लिहीत नाहीत, त्यांना माहीतच नसतं. एकदा मी कॉन्ट्रॅक्टवर जाताना पाच पाईप लाकडी कपाटात बंद करून गेलो, एप्रिल ते सप्टेंबर. परत येऊन बघतो तर बाऊलमध्ये पांढरी-हिरवी बुरशी, चांगली केसाळ. दोन टाकून द्यावे लागले, तीन खरवडून, दारूच्या बोळ्यांनी पुसून, बाऊलमध्ये मीठ भरून त्यावर दारू घालून रात्रभर ठेवून वाचवले, कोरडे करायला आठवडा गेला. तेव्हापासून ओढून झाला की गार होऊ द्यायचा, मग स्टेम काढून क्लीनर फिरवायचा, राख झटकायची आणि उघड्या जागी ठेवायचा, बंद कपाटात कधी नाही. गरम असताना स्टेम ओढू नकोस, मी एका शँकला तशीच चीर पाडली आहे. आणि एकाच पाईपवर सहा आठवडे म्हणजे रोज ओढायचं असं नाही, दोन भरावांच्या मध्ये निदान एक दिवस सुकू दे. काळा रबरी स्टेम, एबोनाइटचा, खिडकीच्या उन्हात ठेवलास तर हिरवट-तपकिरी होतो आणि तोंडात गंधकासारखी चव देतो. ॲक्रिलिकला तसं होत नाही, पण दाताला कडक लागतो.

राहिला तुझा शांततेचा प्रश्न, किती वर्षांनी. माझं सांगतो. पहिली चार-पाच वर्षं मी दिवसाला तीन-तीन भराव ओढायचो आणि पोर्ट आलं की डबे घ्यायचो, एका वेळी केबिनमध्ये सतरा डबे उघडे होते. तेव्हा मला विचारलं असतंस तर मी म्हणालो असतो खूप मजा येते. पण वहीत बघतो तर त्या काळात सगळीकडे "जीभ खराब", "घाईत", "अर्धा टाकला". नंतर एका लांब ट्रिपला सामान हरवलं आणि हातात एक पाईप आणि अर्धा डबा उरला, पाच आठवड्यांच्या प्रवासाला. मोजून आठवड्याला तीन भराव बसत होते. मी त्या तीन दिवसांची वाट बघायला लागलो, कुठे बसायचं ते आधी ठरवायला लागलो. वॉच संपवून, अंघोळ करून, चहा पिऊन, मग. वहीत त्या पाच आठवड्यांत "जीभ" हा शब्द दोनदाच आलाय. आजही आठवड्याला तीनच्या आसपास ओढतो, कधी एकही नाही. घरचे म्हणतात तेवढे तरी कशाला, आणि त्यांचं चूक नाही.

तू दिवसाला किती ओढतोस ते लिहिलेलं नाहीस, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं तेच राहिलंय. ऑफिसच्या दोन कॉलच्या मधल्या वीस मिनिटांत ओढत असशील तर वर सांगितलेलं काहीच उपयोगी पडणार नाही, भराव सावकाश ओढायला पाऊण तास लागतो आणि तो नसेल तर त्या दिवशी पेटवायचाच नाही. सिगरेटची तल्लफ आली म्हणून पाईप उचलत असशील तर तेही इथे सांग, मग सल्ला वेगळा द्यावा लागेल आणि तो माझ्याऐवजी डॉक्टरचा असेल.

आत्ता जीभ सोललेली असेल तर आठ-दहा दिवस काहीच ओढू नकोस, तिखट आणि गरम चहाही जरा सांभाळून. दोन-तीन आठवड्यांत पूर्ण बरी नाही झाली तर वर सांगितलंय काय करायचं. बरी झाली की सुरू कर आणि पहिल्या आठवड्याची वहीची पानं इथेच टाईप कर. क्लीनर चारपैकी कितींमधून सरळ गेला तेही लिही, माझा अंदाज दोन.